कमरजहाँची खालची ओळ

कमरजहाँला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती दुधाचा कॅन उचलत होती, आणि चुकीचा उचलत होती. पाठ वाकवून, हात लांब करून. चाळीस लिटरचा भरलेला कॅन असा उचलणारा माणूस संध्याकाळी घरी जातो आणि सकाळी अंथरुणातून उठत नाही. मी म्हणालो, "बाई, खाली ठेवा तो."

तिने ठेवला. गुडघे कसे वाकवायचे, कॅन अंगाशी कसा घ्यायचा आणि पायांच्या जोरावर कसं उठायचं, ते मी दाखवलं. तिने लगेच तसं करून पाहिलं. कॅन बाजूला झाला.

"मामा, हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी कॉम्प्युटरचा कोर्स कशाला केला असता?" असं म्हणून ती हात पुसत कॉम्प्युटरच्या खोलीत गेली. तो कॅन तिच्या दारात आडवा होता. कुणीतरी येऊन हलवेल म्हणून वाट बघत उभं राहणं तिला जमलं नव्हतं.

मी आमच्या दूध संघाच्या आवारात कॅन चढवले आणि उतरवले. बाकी काही केलं नाही. त्यामुळे माणूस ओळखायची माझी रीत एकच, तो काम कसं करतो ते बघायचं. कमी श्रमात होणारं काम जास्त श्रमात करणाऱ्याला लोक कष्टाळू म्हणतात. मी म्हणत नाही.

कमरजहाँ ही माजलगावच्या नबी मिस्त्रींची मुलगी. पाण्याच्या मोटारी भरून देण्याचं त्यांचं दुकान. लहानपणी ती बापाशेजारी बसून तांब्याच्या तारेचे वेढे मोजायची. एक वेढा चुकला की मोटार जळते, आणि मोटार जळली की शेतकरी दुकानात येऊन बापाच्या नावाने ओरडतो, हे तिला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. पुढे बीडला राहून ती कॉम्प्युटर शिकली. लग्न अजीजशी झालं. अजीजचा मोसंबीचा गाडा होता. दुष्काळात लोकांनी मोसंबीच्या बागा तोडून चुलीत घातल्या, तेव्हा अजीजच्या गाड्यावर विकायला काही राहिलं नाही. मग तो आमच्या संघाचा दुधाचा टँकर चालवायला लागला. नवरा टँकरवर, बायको कॉम्प्युटरवर. सकाळी दोघं एका मोटारसायकलवर यायचे आणि फाटकापाशी उतरल्यावर एकमेकांना साहेब-मॅडम म्हणायला लागायचे.

ही गोष्ट दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यातली. पाऊस सरळ पडून बरीच वर्षं झाली होती. माजलगावच्या धरणात पोरं क्रिकेट खेळत होती. जनावरं चारा छावणीत दावणीला होती, आणि छावणीतल्या उसाच्या वाढ्यांवर ती जे काही दूध देत होती त्यावर चार गावांच्या चुली चालू होत्या.

लिंबारवाडी, सोनखोरी, मोहटाका आणि काळेगव्हाण ही ती चार गावं. प्रत्येक गावात संघाने दूध गार करायची एकेक मोठी टाकी बसवली होती. टाकीला एक डबी. टाकीत दूध किती आणि ते किती गार, हे ती डबी थोड्या थोड्या वेळाने संघाच्या कॉम्प्युटरला कळवायची. एका गावाची एक फाईल. एका वेळी एक ओळ. शहरातली मोठी डेअरी आमचं दूध घ्यायची. तिची अट एकच, दूध चार-पाच अंशांच्या वर गेलेलं चालणार नाही.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक टँकर परत आला. एका गावची टाकी बिघडली होती आणि ते वेळेवर कुणाला कळलं नाही. संघाचे अध्यक्ष सुंदरराव तसे भले माणूस, पण घाबरले की ओरडायचे. ते कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"बाई, तुमची नेमणूक तात्पुरती आहे, हे ध्यानात आहे ना? आणखी एक टँकर परत आला तर डेअरी आपलं दूध बंद करणार. डेअरी बंद करायच्या आधी मी ही खोली बंद करीन."

"खोली बंद करा साहेब, पण आधी मला आत बसून काम तर करू द्या. मी कालच आलेय," कमरजहाँ म्हणाली.

ते खरं होतं. परत आलेला टँकर तिच्या आधीच्या माणसाच्या काळातला. त्याची कामाची रीत मी पाहिली होती. तो लिंबारवाडीची फाईल उघडायचा. फाईल उघडली की वर्षापूर्वीची पहिली ओळ दिसायची. तिथून तो चाक फिरवत, फिरवत, फिरवत खाली यायचा. शेवटची ओळ आली की ती वाचायचा आणि फाईल बंद करायचा. मग सोनखोरीची उघडायचा. पुन्हा वर्षापूर्वीपासून खाली. चौथ्या गावापर्यंत त्याचा चहा यायचा, आणि चहा पिऊन होईपर्यंत पहिल्या गावाची बातमी शिळी झालेली असायची. गोदामातलं शेवटचं पोतं हवं म्हणून आधी सगळी थप्पी उतरवायची आणि पुन्हा रचायची, तसलं ते काम. त्याला घाम यायचा हे मात्र खरं.

कमरजहाँने पहिल्याच आठवड्यात एक काळी खिडकी उघडली. तिच्यात चित्र नाही, रंग नाही. तिने एक ओळ लिहिली. आधी एक छोटा शब्द, मग चारही फाईलींची नावं शेजारी शेजारी. बटण दाबलं. चारही गावांच्या फक्त शेवटच्या ओळी एकाखाली एक आल्या.

मी पेंडीचं पोतं ठेवायला आत गेलो होतो. थांबून बघत राहिलो.

"हे काय केलं?"

"टेल. म्हणजे शेपूट, मामा. सगळी फाईल कशाला बघायची? नुसतं शेपूट बघायचं. चारही जनावरांची शेपटं एका दावणीला बांधली."

"आणि पुन्हा बघायचं झालं तर?"

"पुन्हा काही करायचं नाही. बसा, दाखवते."

मी पोत्यावर बसलो. थोड्या वेळाने खिडकीत आपोआप सोनखोरीचं नाव आलं, दोन्ही बाजूंना बाण घेऊन. नावाखाली एक ओळ आली. जुन्या ओळी वर सरकल्या. मग मोहटाका आला. मग लिंबारवाडी. ज्या गावाला काही सांगायचं असेल ते खाली येऊन सांगायचं आणि बाकीच्यांना वर ढकलायचं. कमरजहाँचे हात मांडीवर होते. तिने बोटही हलवलं नाही आणि चारही गावं तिच्याजवळ चालत आली.

त्या दिवशी मी घरी जाऊन सांगितलं, की संघात एक कामाचं माणूस आलं आहे.

टँकर भरायची रीतही तिने बसवली. अजीज गावात पोचला की फोन करायचा, "भरूं क्या मॅडम?" ती खालच्या ओळीकडे नजर टाकायची. "भरो." किंवा, "नक्को. अर्धा घंटा रुको." एकदा मी तिला विचारलं, घरीही असंच चालतं का? ती म्हणाली, "घरी ते विचारत नाहीत मामा, तिथं ते थांबूनच असतात."

इथपर्यंत सगळं सरळ होतं. सुंदररावांनी त्यात टीव्ही आणला.

त्यांना ती काळी खिडकी फार आवडली. समजली नाही म्हणून जास्त आवडली. त्यांनी चहाच्या मोठ्या खोलीत भिंतीवर एक टीव्ही लावायला सांगितला, आणि कमरजहाँची खिडकी त्या टीव्हीवर दिसू लागली. चारही गावांचे सचिव रोज सकाळी दुधाचे नमुने घेऊन यायचे, पेंडीची पोती घ्यायचे आणि त्या खोलीत चहाला बसायचे. आता ते टीव्हीसमोर बसू लागले. भिंतीवर आपल्या गावाचं नाव दिसलं की माणूस खुर्चीत जरा सरळ होतो.

लिंबारवाडीचे सचिव सर्जेराव मात्र पहिल्याच दिवशी वाकडे झाले.

सर्जेराव म्हणजे पांढरं धोतर, त्याहून पांढऱ्या मिशा आणि मोठा आवाज. त्यांचे वडील संघाचे पहिले सभासद. त्यामुळे संघ निघाल्यापासून टँकर रोज आधी लिंबारवाडीला जायचा. रिकाम्या टँकरात पहिली धार लिंबारवाडीच्या दुधाची पडणार, हा त्या गावाचा मान. बैलपोळ्याला मानाचा बैल पहिला तोरणाखालून जातो, तसं. आमच्याकडे पोळ्याच्या रांगेवरून डोकी फुटलेली आहेत. त्या रांगेत आमच्या बौद्धवाड्यातल्या बैलांचा नंबर कुठे लागायचा ते मला माहीत असल्यामुळे मी रांगेच्या विषयावर फारसं बोलत नाही.

सर्जेरावांनी टीव्हीकडे पाहिलं. वरती मोहटाका. त्याखाली सोनखोरी. त्याखाली काळेगव्हाण. आणि सगळ्यांत खाली लिंबारवाडी.

"कमरजहाँ! आमी खाली कावून?"

ती खोलीतून बाहेर आली. "काका, तुमची डबी नवी आहे. बाकीच्यांपेक्षा जास्त वेळा कळवते. जो शेवटी बोलला तो खाली."

"शेवटी कोन बोलला? आमी कधी शेवटी बोलत न्हाई."

"तसं नाही काका. खाली म्हणजे ताजं. वर म्हणजे जुनं. खाली असणं चांगलं."

"खाली असनं चांगलं!" सर्जेरावांनी सगळ्यांकडे बघितलं. "दूध तापवलं तर साय कुटं येती? वर. अन् खाली काय ऱ्हातं? करपलेलं."

सोनखोरीचे सचिव शहादेव हे सर्जेरावांच्याच वयाचे, शाळेपासूनचे सोबती, आणि शाळेपासूनच त्यांना डिवचण्यात पटाईत. ते बशीतला चहा फुंकत म्हणाले, "असू दे बे सर्जा. कुनीतरी खाली पाहिजेच की. समदेच वर बसले तर शिडी धरायची कुनी?"

तेव्हापासून रोज सकाळी चहाबरोबर सर्जेरावांचा प्रश्न यायचा, "आमी खाली कावून?" कमरजहाँ रोज उत्तर द्यायची. उत्तर तेच, पण ती ते दरवेळी नव्याने सांगायची. कधी वर्तमानपत्राचा दाखला द्यायची, कधी रहाटाचा. सर्जेराव ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. मी तिला म्हणालो, "कशाला श्रम घेतेस? नाही पटत त्यांना."

"मामा, ते विचारतात म्हणून मला कळतं की ते आलेत. नाहीतर हजेरी घ्यावी लागली असती."

मग एके सकाळी लिंबारवाडीची वीज गेली. डबी गप्प झाली. बाकीची गावं बोलत राहिली आणि लिंबारवाडीची शेवटची ओळ हळूहळू वर सरकत गेली. दोन-तीन तासांत ती टीव्हीच्या अगदी वरच्या कडेला जाऊन पोचली. सर्जेरावांनी चहा तसाच धरून ती बघितली. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"शहादेव, बग. बग वर."

"बगितलं. सर्जेराव वर गेले," शहादेव म्हणाले आणि त्यांनी टोपी काढून छातीशी धरली. सगळी खोली हसली. वीज आली, डबी बोलायला लागली, लिंबारवाडी पुन्हा खाली आली. पण सर्जेरावांनी जे बघायचं ते बघून ठेवलं होतं. डबी गप्प तर गाव वर. हा हिशेब त्यांनी कुणालाही न सांगता मनात ठेवला.

पुढच्याच आठवड्यात डेअरीचा तपासनीस येणार असल्याचा निरोप आला. सगळं ठीक दिसलं तर डेअरी दूध घेत राहणार होती. तो दिवसभर थांबून भरलेला टँकर स्वतः तपासणार होता. सुंदररावांनी कमरजहाँला दोनदा बोलावून तेच वाक्य सांगितलं. टँकर परत, तर खोलीला कुलूप. ती मान हलवून परत आली. त्या दिवशी डबा तिने उघडला, पण चपाती दुमडून तशीच ठेवली. अजीजचा मोसंबीचा गाडा अजून घरापुढे उलटा टेकवून ठेवलेला होता, आणि दोघांच्याही रोजीला आता हा एकच टँकर होता.

तपासनीस सकाळी नऊच्या सुमारास आला. तरुण, सडपातळ, कमी बोलणारा. मधल्या खुर्चीत बसवून त्याला चहा दिला. समोर टीव्ही. सुंदरराव हातात काठी घेऊन टीव्हीवरची गावं दाखवू लागले. काठी कुठे टेकवायची ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून ती सगळीकडे फिरत होती. चारही सचिव रांगेत बसले होते. अजीज टँकर चालू करून फाटकाशी थांबला होता. मी शेवटची पोती लावत होतो. कमरजहाँ दाराशी उभी होती, नजर नेहमीसारखी टीव्हीच्या खालच्या बाजूला. सोनखोरी चार अंश. मोहटाका चार. काळेगव्हाण पाच, उतरतंय. सगळं ठीक.

मग ती माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "मामा, आज काहीतरी राहिलंय."

"काय?"

"तेच आठवत नाही. सकाळपासून काहीतरी व्हायचं राहिलंय."

मी खोलीकडे बघितलं. सचिव चहा पीत होते. सर्जेराव पायावर पाय टाकून, मिशांवर बोट फिरवत, तपासनीसाशेजारी बसले होते. इतके समाधानी मी त्यांना कधी पाहिले नव्हते. कमरजहाँनेही त्याच वेळी तिकडे पाहिलं.

"काकांनी आज विचारलं नाही," ती म्हणाली.

तिने मान वर केली. टीव्हीच्या वरच्या कडेला, जिथे ती कधी बघत नव्हती, तिथे बाणांच्या मध्ये लिंबारवाडीचं नाव होतं. त्याखाली चार अंश. आणि ओळीवरची वेळ बरीच मागची, गावात सकाळचं दूध गोळा व्हायला सुरुवात व्हायच्या आधीची.

तिने आधी फाटकाकडे हात केला. "अजीज! नक्को! गाडी बंद करो!" मग ती सरळ सर्जेरावांसमोर गेली.

"काका, तुमची डबी गप्प आहे."

"आसंल. पन वर हाय ना आमचं?" सर्जेराव टीव्हीकडे बघून म्हणाले.

"काका, डबीला काय केलं?"

"काय न्हाई केलं. दगडाबाईला म्हनलं, पावणं येनार हायेत, घटकाभर ती लाल वायर काढून ठिव. डबी लई बडबड करती."

सुंदररावांची काठी हवेत राहिली. कमरजहाँने तिथल्या तिथे लिंबारवाडीला फोन लावला. दगडाबाई म्हणजे सर्जेरावांची बायको. गावातली टाकी खरं तर तीच सांभाळायची, सर्जेराव सही करायचे. दगडाबाईचा आवाज फोन कानाला न लावताही खोलीभर ऐकू यायचा.

"कमरजहाँ व्हय? बरं झालं केलास फोन. मी कवाधरनं या मानसाला लावायले, उचलत न्हाई. अगं वायर काढली अन् टाकीची घरघरच बंद झाली. गावाचं समदं दूध वतून झालंय वर!"

त्या टाकीबद्दल सर्जेरावांना ठाऊक नव्हतं ते हे होतं. लाल वायर एकच, आणि तिच्यावर डबीही चालायची आणि गार करायचं यंत्रही.

"काकू, आता वायर लावा. लगेच."

"लावते. पन काय म्हनते, वरून वल्ली पोती टाकू का टाकीवर? घरात पिन्याचं एक पिंप हाय. पान्याचा टँकर परवा येनार, पन बगू."

"नको काकू. पाणी ठेवा. नुसती वायर लावा आणि झाकण उघडू नका."

"बरं. अन् तो तितं बसलाय का?"

"बसलेत."

"त्येला म्हनावं, घरी ये. वर बसवते तुला. माळवदावर."

शहादेवांनी बशी तोंडाला लावली ती बराच वेळ काढली नाही.

आता अडचण अशी. टाकीत सकाळचं कोमट दूध पडलेलं. यंत्र चालू झालं तरी ते चार अंशांवर यायला दुपार उजाडणार. आणि टँकर सगळ्यांत आधी तिथेच जायचा. कमरजहाँ काही न बोलता अजीजला "भरो" म्हणाली असती, तर कोमट दूध तळाला पडून वरची तीन गावंही नासली असती. अजीजला तिथे थांबवून ठेवलं, तर उन्हात बाकीचं दूध ताटकळलं असतं. लिंबारवाडीचं दूध सोडून दिलं, तर छावणीत उभ्या जनावरांच्या मालकांनी सकाळी काढलेली प्रत्येक धार मोरीत गेली असती.

रस्ता एकच होता. टँकर उलटा फिरवायचा. आधी काळेगव्हाण, मग मोहटाका, मग सोनखोरी, आणि सगळ्यांत शेवटी लिंबारवाडी.

ती हे बोलली आणि सगळ्यांनी सर्जेरावांकडे पाहिलं.

"न्हाई," सर्जेराव म्हणाले. "वडलांपासून टँकर आदी आमच्याकडं येतो. शेवटी कधी आला न्हाई. येनार न्हाई."

"सर्जेराव, अहो संघ बुडतोय!" सुंदरराव ओरडले.

"बुडू द्या. आमच्या गावाला तोंड काय दाखवू? लिंबारवाडीचं दूध कुनाच्या दुधावर पडलं न्हाई आजवर. लोकांचं दूध आमच्या दुधावर पडतं."

कमरजहाँला हसू आवरलं नाही. ती त्यांच्याशेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली. वेळ फार कमी होता आणि ती बसली, हे मला आवडलं. घाईत उभ्याने उचललेलं वजन सांडतं.

"काका, एक सांगा. रिकाम्या टँकरात जे दूध पहिलं पडतं, ते कुठं राहतं?"

"कुटं म्हंजे? टँकरात."

"टँकरात कुठं?"

सर्जेरावांचं बोट मिशीवर होतं, ते तिथेच राहिलं.

"तळाला," शहादेव हळूच म्हणाले.

"म्हणजे वडिलांपासून तुमचं दूध सगळ्यांच्या खाली आहे," कमरजहाँ म्हणाली. "आज शेवटी भरलं तर पहिल्यांदा वर येईल. तुम्हीच म्हणता ना, साय वर असते."

सर्जेरावांनी शहादेवांकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं, फाटकातल्या टँकरकडे बघितलं. त्यांच्या डोक्यात एक मोठं वजन या खांद्यावरून त्या खांद्यावर जात होतं, ते दिसत होतं. अशा वेळी मदत करायची नसते. माणसाचा तोल जातो.

"वर येईल म्हंता?"

"अगदी वर. झाकणाखाली."

ते उठले, धोतर सारखं केलं आणि फाटकाकडे बघून ओरडले, "अजीज! काय बगतोस बे? काळेगव्हाणला जा आदी! आमच्याकडं शेवटी ये. समद्यांच्या शेवटी!"

टँकर गेला. तपासनीसाने एवढा वेळ सगळं बघून घेतलं होतं. तो कमरजहाँला म्हणाला, "मला आणखी एक चहा मिळेल का? मी इथंच बसतो." आणि तो टीव्हीकडे तोंड करून बसला.

त्या दिवशी दुपारपर्यंत चहाच्या खोलीतून कुणी हललं नाही. लिंबारवाडीची डबी बोलायला लागली होती. बाणांच्या मध्ये नाव आलं, सगळ्यांच्या खाली, आणि त्याखाली सतरा अंश. मग सोळा. आता वर कुणीच बघत नव्हतं. चारही सचिव, अध्यक्ष आणि तपासनीस, सगळ्यांच्या नजरा टीव्हीच्या खालच्या काठावर. दुसऱ्या गावाचं नाव खाली आलं की सर्जेराव चिडायचे.

"हटा की! मधी मधी काय येता? आमचं येऊ द्या!"

"आता का बे? खाली यायला घाई झाली?" शहादेव म्हणाले.

"गप बस. बारा आला. बारा आला बग!"

बाराचे दहा झाले. दहावर ओळ बराच वेळ अडकली. कमरजहाँ माझ्याजवळ दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं होतं आणि वेढे मोजत असल्यासारखी ती ते उलगडत होती. मग आठ आला. मग सात. ओरडा झाला. सुंदररावांनी आनंदाने काठी टेबलावर आपटली आणि एक कप फुटला.

फोन वाजला. अजीज. "लिंबारवाडी पे खडा हूँ मॅडम. तीन गाव भर लिए. दगडाबाई भाकर खिला रहे. भरूं क्या?"

खालच्या ओळीवर सहा होते. सगळी खोली तिच्याकडे बघत होती. सुंदरराव हात जोडून, डोळ्यांनी सांगत होते, म्हण भर, म्हण भर. चार-पाच आणि सहा यांत किती अंतर असतं, असं त्यांना वाटत असावं.

"भाकर खाओ," कमरजहाँ म्हणाली. "आरामसे खाओ."

आम्ही अजीजची भाकर संपायची वाट बघितली. पाच आला. तरी तिने मान हलवली नाही. आणि मग, बाणांच्या मध्ये लिंबारवाडी, त्याखाली चार.

"भरो."

टँकर संध्याकाळच्या आधी संघात आला. तपासनीसाने झाकण उघडलं, आत काठीचं थर्मामीटर सोडलं, नमुना काढला आणि हुंगला. चेहऱ्यावर काही न दाखवता टँकरवरून उतरला. "रवाना करा," म्हणाला. सुंदररावांनी त्याला फेटा बांधायला काढला तर तो म्हणाला, "फेटा त्या बाईंना बांधा." कमरजहाँ म्हणाली, "मला नको. सर्जेरावकाकांना बांधा. सगळ्यांत वर त्यांचं दूध आहे." सर्जेरावांनी तो फेटा खरंच बांधून घेतला आणि तो बांधूनच गावी गेले. घरी दगडाबाईने त्याचं काय केलं ते आम्हांला कळलं नाही.

खोलीला कुलूप लागलं नाही. काही महिन्यांनी तिची नेमणूक कायम झाली.

पण ती त्या संध्याकाळी खूश नव्हती. पोत्यावर बसून मला म्हणाली, "मामा, खिडकीत जो बोलतो तो दिसतो. गप्प बसलेला दिसतच नाही. मी तीन गावं बघून चार समजले." मग ती बापाच्या दुकानातून एका जुन्या लुनाचा भोंगा घेऊन आली. कोणतंही गाव ठरल्यापेक्षा जास्त वेळ गप्प राहिलं की तो भोंगा वाजायचा. नबी मिस्त्री स्वतः येऊन तो बसवून गेले आणि जाताना पोरीला म्हणाले, "वेढा चुकला तो चलेगा, मोजना छोड़ना नहीं."

मी आता निवृत्त आहे. संघाकडे गेलो की खोलीत डोकावतो. कमरजहाँचे केस कानांपाशी पांढरे होत आहेत. गावं वाढली, काळ्या खिडकीत नावं वाढली. अजीजने गाडा सरळ केला आहे, पण टँकरही सोडला नाही. मागच्या वेळी गेलो तेव्हा तिच्या दारात पुन्हा एक भरलेला कॅन आडवा होता. तिने गुडघे वाकवले, कॅन अंगाशी घेतला आणि मला बघून तो जरा जास्तच सरळ उचलला.

आतल्या खोलीत सर्जेराव काठी टेकून टीव्हीसमोर बसले होते. वय झालं तरी नमुने घेऊन तेच येतात. सोनखोरीने नवी डबी घेतली आहे, ती जास्त वेळा बोलते, आणि त्यामुळे शहादेवांचं गाव आता नेहमी खालच्या ओळीवर असतं. सर्जेरावांनी टीव्हीकडे काठी केली आणि मिशा थरथरल्या.

"कमरजहाँ! आमी वर कावून?"

"आले काका," ती म्हणाली, आणि कॅन भिंतीशी ठेवून उत्तर द्यायला निघाली.